पॅच आला, दुरुस्ती झाली का?

कीबोर्डवर एंटरच्या बटणाजवळ डावीकडे झुकलेली एक तिरकी रेघ असते. तिला बॅकस्लॅश म्हणतात. जुलै २०११ ते जानेवारी २०२१ अशी साडेनऊ वर्षं ही रेघ एका विशिष्ट कमांडच्या अगदी शेवटी टंकली, तर लिनक्स संगणकावरच्या कोणत्याही साध्या वापरकर्त्याला त्या संगणकाचा पूर्ण ताबा मिळवण्याची वाट उघडत होती. त्यासाठी पासवर्ड लागत नव्हता, परवानगीच्या यादीत नाव असण्याचीही गरज नव्हती. गंमत म्हणजे ज्या प्रोग्राममध्ये हा दोष होता, त्याचं काम कोणाला किती अधिकार द्यायचे हे ठरवण्याचं. त्याचं नाव सुडो. क्वालिस या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २६ जानेवारी २०२१ रोजी हा दोष जाहीर केला, त्याच दिवशी सुधारलेली आवृत्ती आली आणि बातमीपुरता विषय मिटला. ‘दोष सापडला, पॅच आला, अपडेट करा’ या तीन वाक्यांत अशा सगळ्या बातम्या बसतात. पण पॅच आला म्हणजे दुरुस्ती झाली, हे गृहीत धरण्यासारखं नाही. भोक बुजवणं हे एक काम आणि ज्या रचनेमुळे ते पडलं ती रचना बदलणं हे दुसरं. पहिलं काम दिसतं, त्याची बातमी होते. दुसरं कंटाळवाणं, वेळखाऊ आणि बऱ्याचदा लोकांच्या शिव्या खाऊन करावं लागणारं असतं. गेल्या पस्तीसेक वर्षांतली उदाहरणं पाहिली, तर सुरक्षितता दरवेळी या दुसऱ्या कामानेच आलेली दिसते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हटलं की पडद्यावरची चित्रं आणि खिडक्या आठवतात. प्रत्यक्षात तिच्या पोटात शेकडो लहान लहान प्रोग्राम असतात. एक फाइलची नक्कल करतो, एक तारीख सांगतो, एक फाइल दाबून लहान करतो, एक माणसाने टंकलेल्या कमांड वाचून पार पाडतो. यांना युटिलिटी म्हणतात. यातले कित्येक तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या गरजेपुरते लिहिलेले आहेत आणि ‘चालतंय ना, मग राहू दे’ या न्यायाने जगभर पसरले आहेत. सुडोचा जन्म असाच, १९८०च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या संगणक विभागात झाला. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. युनिक्स आणि पुढे लिनक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो. त्याला काहीही करता येतं, कोणाचीही फाइल वाचता-पुसता येते. रूटचा पासवर्ड चार जणांना वाटण्यापेक्षा ‘अमक्याला फक्त तमकी कमांड रूटच्या अधिकाराने चालवू द्या’ अशी यादी ठेवावी आणि ती यादी एका प्रोग्रामने पाळावी, ही सुडोमागची कल्पना. कल्पना उत्तमच आहे. मात्र ती चालण्यासाठी या प्रोग्रामकडे आधीपासूनच रूटचा अधिकार असावा लागतो. बेल लॅब्जमधल्या डेनिस रिची यांनी काढलेल्या एका युक्तीने हे साधतं, आणि त्या युक्तीला १९७९ साली अमेरिकेत पेटंटही मिळालं: असा प्रोग्राम कोणीही चालू केला तरी तो चालू करणाऱ्याच्या अधिकाराने चालत नाही, मालकाच्या अधिकाराने चालतो. साहेबांनी सही केलेले कोरे कागद शिपायाकडे देऊन ठेवावेत आणि ‘यादीत नाव असेल त्यालाच दे’ असं बजावावं, तसा हा प्रकार. शिपाई प्रामाणिक असून भागत नाही. त्याला कोणी गोंधळात टाकता कामा नये, ही खरी अट.

२०११ साली झालेला गोंधळ जवळून पाहण्यासारखा आहे. सुडोला एका विशिष्ट प्रकाराने कमांड दिली, की त्याचा पुढचा भाग त्या कमांडमधल्या खास चिन्हांआधी एकेक बॅकस्लॅश लावतो, म्हणजे त्या चिन्हांचा भलता अर्थ लागू नये. परवानगीची यादी तपासणारा मागचा भाग तेच बॅकस्लॅश पुन्हा काढतो. काढताना मागच्या भागाची समजूत अशी, की प्रत्येक बॅकस्लॅशपुढे एखादं अक्षर असणारच, कारण ते आपल्याच पुढच्या भागाने लावले आहेत. बहुतेक वाटांनी ही समजूत बरोबर होती. पण सुडोला ‘सुडोएडिट’ या दुसऱ्या नावानेही बोलावता येतं. प्रोग्राम एकच, आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे पाहून तो वागणं बदलतो. या नावाने बोलावून तो खास पर्याय दिला, तर पुढचा भाग बॅकस्लॅश लावत नसे, मागचा मात्र ते काढायला बसे. अशा वेळी वापरकर्त्याने शेवटच्या शब्दाच्या टोकाला स्वतःच एक बॅकस्लॅश ठेवला, तर त्यापुढे अक्षर नसे, शब्द संपल्याची खूण असे. मागचा भाग ती खूण ओलांडून जाई आणि मेमरीत पलीकडे जे पडलं असेल ते, राखून ठेवलेल्या जागेच्या बाहेर उतरवत सुटे. किती उतरवायचं आणि पलीकडे काय ठेवायचं, दोन्ही वापरकर्त्याच्या हातात. जागेबाहेर सांडलेला हा मजकूर प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदींवर चढतो आणि हल्लेखोर तो नीट रचून प्रोग्रामला हवं तसं वळवू शकतो. क्वालिसने उबुंटू २०.०४, डेबियन १० आणि फेडोरा ३३ या लिनक्सच्या तिन्ही प्रकारांवर रूटचा अधिकार मिळवून दाखवला. अॅपलच्या मॅक संगणकांतही सुडो असतो. तिथली सुधारणा फेब्रुवारीत आली.

या प्रसंगात दोन्ही भाग लिहिणाऱ्यांपैकी कोणीही ढिसाळ नव्हता. पुढचा भाग एकटा पाहिला तर ठीक, मागचा एकटा पाहिला तर ठीक. चूक दोघांच्या मधल्या न लिहिलेल्या करारात होती. म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली: मजकूर वाचणाऱ्याची नजर ओळीवर असते, आणि दोष कोणत्याच एका ओळीत नव्हता. सुडोची देखभाल नव्वदच्या दशकापासून टॉड मिलर करत आले आहेत. त्यांनी हा दोष दुरुस्त करताना काय केलं ते पाहा. मेमरीबाहेर जाणाऱ्या त्या एका लूपमध्ये ‘शब्द संपला का’ ही तपासणी घातली असती तरी हल्ला थांबला असता. त्यांनी ती घातलीच. शिवाय सुडोएडिटला तो पर्याय मुळात देताच येऊ नये अशी सोय पुढच्या भागात केली, आणि मागच्या भागाने पुढच्याच्या भरवशावर न राहता स्वतःही तपासावं अशी तजवीज केली. एकाच दोषासाठी तीन ठिकाणी हात लावला. सुधारणेचं मोजमाप करायचं तर असं करावं: आजचा हल्ला थांबला का, हा पहिला प्रश्न, आणि ज्या समजुतीवर तो उभा होता ती समजूत काढून टाकली का, हा दुसरा.

दुसरा प्रश्न न विचारल्यास काय होतं, याचा धडा २०१४ साली मिळाला. बॅश हा माणसाच्या कमांड वाचून पार पाडणारा प्रोग्राम. ब्रायन फॉक्स यांनी तो १९८९ साली लिहिला आणि गेली अनेक वर्षं त्याचा सांभाळ क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले चेट रेमी करतात. बॅशमध्ये एक सोय होती. आपण तयार केलेलं छोटं फंक्शन दुसऱ्या बॅशकडे सोपवायचं असेल, तर ते एका साध्या चलात, म्हणजे नाव आणि त्यापुढे मजकूर अशा नोंदीत, भरून पाठवायचं. नवा बॅश सुरू होताना सगळ्या नोंदी चाळायचा आणि ज्या नोंदीचा मजकूर कंस आणि महिरपीने सुरू होतो, तो फंक्शन समजून वाचायचा. महिरप मिटल्यावर वाचन थांबायला हवं होतं. ते थांबत नसे. मागे जोडलेली कमांडही बॅश तिथल्या तिथे चालवून मोकळा होई. ही सोय आली १९८९मध्ये, तेव्हा वेब अस्तित्वातच नव्हतं, आणि आपल्या संगणकावर आपणच भरलेल्या नोंदींवर अविश्वास दाखवायचं कारण कोणाला दिसलं नसेल तर नवल नाही. पुढे वेब सर्व्हर आले. भेट देणाऱ्याचा ब्राउझर कोणता, तो कोणत्या पानावरून आला, ही माहिती अशाच नोंदींत भरून इतर प्रोग्रामकडे पाठवायची पद्धत पडली. म्हणजे जगातल्या कोणाही अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर थेट बॅशच्या तोंडी जाऊ लागला. बॅशची एकही ओळ बदलली नव्हती, भोवतालचं जग बदललं होतं.

स्टेफान शाझला यांच्या हे लक्षात आलं. त्यांनी १२ सप्टेंबर २०१४ रोजी रेमींना कळवलं आणि २४ सप्टेंबरला शेलशॉक या नावाने तो दोष जगजाहीर झाला. पहिल्या पॅचने महिरपीनंतरची कमांड चालवणं बंद केलं. बातमीतला हल्ला थांबला. पण कोणत्याही नोंदीतला मजकूर फंक्शन म्हणून वाचायला घेणं तसंच राहिलं. गूगलच्या ताविस ऑर्मंडी यांनी त्याच दिवशी दाखवून दिलं की अर्धवट, वाकडातिकडा मजकूर देऊन वाचणाऱ्या भागालाच चकवता येतं. लगोलग दुसरा पॅच काढावा लागला. मग आणखी दोष बाहेर आले. एकूण सहा दोषांना स्वतंत्र क्रमांक द्यावे लागले. रेड हॅटचे फ्लोरियन वायमर यांनी वेगळ्या बाजूने विचार केला. वाचणाऱ्या भागातल्या चुका मोजत बसण्याऐवजी त्याच्यापर्यंत परका मजकूर पोचूच नये, असा त्यांचा प्रस्ताव होता. ज्या नोंदीच्या नावाला ठरावीक उपसर्ग आणि ठरावीक शेपूट असेल, तेवढीच फंक्शन मानायची; ब्राउझरकडून येणाऱ्या नोंदीला ते नाव मिळण्याचा संभवच नाही. हा बदल त्याच आठवड्यात बॅशमध्ये आला. त्यानंतर मिखाल झालेव्स्की यांनी वाचणाऱ्या भागात आणखी दोन दोष शोधले आणि त्यातला एक मूळ दोषाइतकाच भयंकर होता. पण वायमर यांचा बदल ज्या संगणकांवर पोचला होता, तिथे हे दोष आधीच निकामी झालेले होते. न सापडलेल्या चुकीपासूनही वाचवणारी सुधारणा कशी असते, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

कधीकधी रचना प्रोग्राममध्ये नसते, त्याच्याही खाली असते. नोव्हेंबर १९८८मधला मॉरिस वर्म हा एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक होती फिंगर या युटिलिटीचा सर्व्हर. ५१२ अक्षरांची जागा राखलेली, वाचायला ‘गेट्स’ हे सी भाषेचं फंक्शन. समोरून किती येतंय हे गेट्स विचारतच नाही. वर्मने ५३६ अक्षरं पाठवली. फिंगरमधली ओळ बदलायला कितीसा वेळ लागणार? गेट्स मात्र सी भाषेच्या प्रमाणित आराखड्यातून हद्दपार व्हायला २०११ साल उजाडलं, म्हणजे तेवीस वर्षं. मधल्या काळात तीच चूक किती प्रोग्राममध्ये नव्याने लिहिली गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पॉलकिट या संचातल्या पीकेएक्झेक या युटिलिटीचं प्रकरण जानेवारी २०२२मधलं. प्रत्येक प्रोग्रामला शब्दांची एक यादी दिली जाते आणि तिच्यात पहिलं स्वतःचं नाव असतं, हे इतकं सर्वमान्य की पीकेएक्झेकने यादी रिकामी असू शकते हे तपासलंच नाही. लिनक्स मात्र रिकामी यादी देऊ देत होतं. हा दोष मे २००९पासूनचा. २०१३ साली एका प्रोग्रामरने ही विचित्र गोष्ट टिपूनही ठेवली होती, पण तिचा घातक उपयोग त्याला सापडला नव्हता. पीकेएक्झेकमध्ये तपासणी घातली गेली, आणि काही महिन्यांनी लिनक्सच्या कर्नलनेच, म्हणजे गाभ्यानेच, रिकामी यादी आली तर तिच्यात एक कोरा शब्द घालायला सुरुवात केली. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम तर रिकामी यादी आधीपासूनच नाकारत होती. कर्नलमधला तो छोटा बदल, हीच गफलत असलेल्या, पण आजवर कोणाच्या लक्षात न आलेल्या दुसऱ्या प्रोग्रामांनाही लागू पडतो.

आता यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो व्यवहाराचा. घराला आग लागलेली असताना नकाशे काढत बसायचं का? शेलशॉक जाहीर झाल्यावर काही तासांतच हल्ले सुरू झाले होते. तेव्हा मिळेल तो पॅच लावणं भागच होतं. आक्षेप रास्त आहे, आणि घाईच्या पॅचला माझा विरोध नाही. विरोध आहे तो घाईचा पॅच लावून फाइल बंद करण्याला. शिवाय दरवेळी घाई अटळ असते असंही नाही. क्वालिसने सुडोचा दोष मिलर यांना १३ जानेवारीला कळवला, १९ला लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरकांना विश्वासात घेतलं, आणि सगळ्यांची तयारी झाल्यावर २६ला एकाच वेळी जाहीर केला. त्या दोन आठवड्यांच्या मौनात तीन ठिकाणची सुधारणा बसली. दोष जाहीर करणं म्हणजे चोरांना पत्ता सांगणं, असं मानणाऱ्यांना याच उदाहरणात उत्तर आहे: पत्ता सांगितला, पण कुलूप बदलून झाल्यावर. कायमचं गप्प बसलं असतं, तर वितरकांना अपडेट काढायला आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ते लावायला कारणच उरलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मेमरीबाहेर लिहिण्याचे हे सगळे घोळ सी भाषेतले. रस्टसारख्या नव्या भाषेत असा प्रोग्राम लिहिला तर मेमरीची राखलेली हद्द भाषा स्वतः सांभाळते. मग जुने प्रोग्राम नव्याने लिहावेत आणि विषय संपवावा. हे नुसतं बोलणं राहिलेलं नाही. सुडोची रस्टमधली आवृत्ती २०२३पासून तयार होते आहे, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या उबुंटू २५.१०ने तीच मुख्य म्हणून स्वीकारली. तारीख सांगण्यासारख्या रोजच्या युटिलिटींचा रस्टमधला संचही तिच्यात आला. भाषा बदलणं म्हणजे एका जातीच्या चुका मुळापासून उपटणं, आणि माझ्या युक्तिवादाला ते धरूनच आहे. बॅकस्लॅशची चूक रस्टमध्ये झाली असती तर प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला असता. ताबा गेला नसता. पण शेलशॉक आठवा. तिथे मेमरीची हद्द ओलांडलीच नव्हती, परक्या मजकुराला आपला मानलं होतं, आणि ती समजूत कोणत्याही भाषेत तितक्याच सहज लिहिता येते. २०१९ साली सुडोतच सापडलेला एक दोष याच जातीचा. वापरकर्त्याचा क्रमांक म्हणून उणे एक दिला, की सुडो कर्नलला तोच आकडा कळवी. कर्नलच्या लेखी उणे एकचा अर्थ ‘आहे तेच राहू दे’ असा, आणि सुडो तर आधीच रूट असतो. काही विशिष्ट प्रकारच्या याद्यांमध्ये ‘रूट सोडून बाकी कोणीही’ ही अट यामुळे खुशाल मोडता येई. त्यातून जुना प्रोग्राम नव्याने लिहिण्याची स्वतःची किंमत असतेच. उबुंटू २५.१०मध्ये तारखेच्या नव्या युटिलिटीतली एक उणीव अशी निघाली, की काही संगणकांवर नवे अपडेट आपोआप तपासणंच बंद पडलं. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने सुरक्षेचे अपडेट अडवावेत, याला काय म्हणावं! ती उणीव लवकर दुरुस्त झाली. नव्या भाषेच्या बाजूने असलेल्या माणसानेही ही घटना लपवू नये.

रस्टमधल्या सुडोकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट मला भाषेहून वेगळी वाटते. तो लिहिणाऱ्यांनी जुन्या सुडोच्या सगळ्या सोयी आणायचं जाणूनबुजून टाळलं. क्वचित वापरल्या जाणाऱ्या पुष्कळशा वगळल्या. याच विचाराने ओपनबीएसडीने २०१५ सालीच सुडो बाजूला ठेवून टेड उनांग्स्ट यांनी लिहिलेला डूअॅझ हा छोटासा प्रोग्राम घेतला होता. सोय वाढली की वाट वाढते, आणि रूटचा अधिकार बाळगणाऱ्या प्रोग्राममधली प्रत्येक वाट पहाऱ्यात ठेवावी लागते. जून २०२५मध्ये जुन्या सुडोत जो गंभीर दोष जाहीर झाला, तो अशाच एका सोयीतला होता. कमांड चालवण्याआधी ‘हा फोल्डर म्हणजेच तुझी संपूर्ण डिस्क असं समज’ असं सुडोला सांगता येत असे. परवानगी तपासून होण्याआधीच सुडो त्या फोल्डरमध्ये शिरे आणि तिथे वापरकर्त्याने स्वतः ठेवलेल्या सेटिंगच्या फाइलवर विश्वास ठेवून त्याचाच कोड रूट म्हणून चालवी. या वेळी मिलर यांनी तपासण्या वाढवण्याऐवजी ज्या बदलामुळे हे घडत होतं तो मागे घेतला आणि ही सोयच पुढे काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. सोय काढली की कोणाची तरी बसलेली घडी मोडते. कुठल्या तरी कार्यालयातली पंधरा वर्षांची स्क्रिप्ट बंद पडते आणि तो माणूस संतापून तक्रार करतो. त्याची तक्रार खोटी नसते. पण त्या एका स्क्रिप्टच्या सोयीसाठी बाकी सगळ्यांनी दार किलकिलं ठेवावं, हा हट्ट मान्य करण्याजोगा नाही. त्याला पुरेशी आगाऊ सूचना मिळावी, पर्याय दाखवावा, इतका त्याचा हक्क.

हे सगळं करायचं कोणी? मोफत आणि खुल्या सॉफ्टवेअरचा मजकूर सगळ्यांसमोर असतो, हजारो डोळे त्यावरून फिरतात, त्यामुळे चुका राहत नाहीत, असा एक लाडका समज आहे. सुडोचा दोष साडेनऊ वर्षं, पीकेएक्झेकचा बारा वर्षांहून अधिक, बॅशचा पंचवीस वर्षं राहिला. मजकूर वाचायला खुला असणं आणि तो कोणी खरोखर वाचणं यात महदंतर आहे. याचा अर्थ बंद सॉफ्टवेअर बरं, असा मात्र काढू नये. मजकूर खुला होता म्हणूनच क्वालिसला, शाझलांना आणि वायमरना आपापलं काम करता आलं. अडचण वेगळीच आहे. हे प्रोग्राम वापरतात अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या, आणि सांभाळतो बहुधा एखादा माणूस, तोही नोकरी सांभाळून. फाइल दाबणाऱ्या एक्सझेड या युटिलिटीचा भार असा फिनलंडच्या लासे कॉलिन यांच्यावर होता. २०२२मध्ये लोक त्यांच्यामागे लागले, की कामाला वेग द्या, नाहीतर दुसऱ्याला द्या. त्याच सुमारास ‘जिया तान’ असं नाव सांगणारी एक व्यक्ती मदतीला आली, तिने चिकाटीने काम केलं, विश्वास कमावला, अधिकार मिळवले, आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा दरवाजा बसवला. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या व्यवस्थेतून हल्लेखोराला आत घेईल असा. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकार उघडकीला आला. बहुतेक मोठ्या वितरकांच्या स्थिर आवृत्त्यांत तो शिरण्याआधीच पकडला गेला. यात नशिबाचा वाटा किती होता, याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. थकलेल्या एकट्या माणसावर सगळं सोपवणं हाच इथला मूळ दोष होता, आणि त्यावर कोड बदलून इलाज होत नाही. सुडोचे मिलर यांनाही, त्यांच्या कामाला आधार देणाऱ्या कंपनीचा पाठिंबा संपल्यावर, आपल्या संकेतस्थळावर प्रायोजक हवा असल्याची सूचना लावावी लागली. तीस वर्षांहून जास्त काळ जगातल्या सर्व्हरांच्या चाव्या सांभाळणाऱ्याची ही स्थिती.

आपल्याकडे या साखळीचं शेवटचं टोक आहे. पुण्या-मुंबईतले, बंगळुरूतले हजारो अभियंते असेच सर्व्हर सांभाळतात. त्यांच्यासाठी सुडो ही दिवसातून पन्नासदा टंकायची कमांड आहे. सुधारणा कितीही मुळापासून केलेली असली, तरी ती त्या सर्व्हरवर पोचली नाही तर शून्य. इथे एक बारकावा बऱ्याच कार्यालयांत गोंधळ उडवतो. सुडोचा दोष मूळ प्रकल्पात १.९.५पी२ या आवृत्तीत दुरुस्त झाला. डेबियन १०ने मात्र १.८.२७ ही जुनीच आवृत्ती ठेवून त्यात फक्त सुधारणा बसवली. आकड्यावरून तपासणारं साधन अशा सर्व्हरला ‘धोकादायक’ ठरवतं, आणि घाबरलेला माणूस बाहेरून नवी आवृत्ती आणून व्यवस्था बिघडवतो. उलट सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रामांत कुठे आकडा ठीक दिसतो आणि मशीन अपडेटनंतर पुन्हा सुरूच केलेलं नसतं, त्यामुळे जुना कोड मेमरीत तसाच चालू राहतो. आकडा पाहू नका, वितरकाची सुरक्षासूचना वाचा, हा त्यावरचा साधा उपाय.

तेव्हा ज्यांच्या हाताखाली सर्व्हर आहेत, त्यांनी उद्या कामावर गेल्यावर एवढं बघावं की आपल्या लिनक्सला सुधारणा अजून कोणाकडून मिळताहेत की नाही. ज्या कंपन्यांचा धंदा अशा युटिलिटींवर उभा आहे, त्यांनी वर्षाच्या खर्चात त्या सांभाळणाऱ्यांसाठी एक ओळ घालावी. आणि सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर अजून काही चालू असेल, तर ते हलवायला घ्यावं. त्याची मोफत देखभाल ३० जून २०२४ रोजी थांबली आहे. त्यातल्या सुडोत यापुढे काहीही सापडलं, तरी त्या प्रकल्पाकडून पॅच येणार नाही.